मनगटावरचं निकेल

नाशिकच्या भांडी बाजारात स्टीलचा डबा घ्यायला आलेली मुरलेली गिऱ्हाइकं पर्समधून छोटंसं लोहचुंबक काढतात. चिकटलं तर माल हलका, नाही चिकटलं तर चांगला. दुकानदार हसतो, पण वाद घालत नाही, कारण या परीक्षेत अर्धं तथ्य आहे. '१८-८' म्हणून विकल्या जाणाऱ्या ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. चुंबक घट्ट धरून ठेवणाऱ्या ४३० नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतंच. निकेल महाग, म्हणून निकेलवालं स्टील भारी, असा तो हिशेब.

आता यातल्या एखाद्या बाईच्या कातडीला निकेल सोसत नसेल तर? मग हलका माल चांगला आणि भारी माल वाईट ठरायला हवा. तसंही होत नाही. ८ टक्के निकेल असलेल्या डब्यातली चटणी ती रोज हातानं काढते, तिला काही होत नाही. पण घड्याळाच्या पट्ट्याला असलेल्या बोटाच्या पेराएवढ्या बकलाखाली लाल चट्टा उठतो, रात्री खाजतो, चिघळतो. त्या बकलात निकेल असतं ते फक्त वरच्या, केसाहूनही कितीतरी पातळ थरात.

या कोड्याचं उत्तर एकदा कळलं की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात. धातूत निकेल किती आहे हा प्रश्न दुय्यम आहे. घामात ते सुटतं किती, हा खरा प्रश्न. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो, ओरखडा पडला तरी तो हवेत पुन्हा धरतो, आणि आतलं निकेल बाहेर पडू देत नाही. घड्याळांना वापरतात त्या ३१६एल स्टीलमध्ये तर ३०४पेक्षाही जास्त निकेल असतं, तरी ते बहुतेकांना त्रास देत नाही. प्लेटिंगच्या निकेलला हे कवच नसतं. घामातलं मीठ आणि आम्ल त्याला सरळ विरघळवतात. म्हणूनच युरोपचा कायदा टक्केवारी विचारत नाही. कातडीला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असं तो म्हणतो. डेन्मार्कनं असा नियम १९९० मध्ये आणला, १९९४ मध्ये सगळ्या युरोपीय संघासाठी निर्देश निघाला, आणि २००९ पासून मोबाइल फोनही त्यात धरले गेले. आपल्याकडच्या इमिटेशन कानातल्यांच्या पाकिटावर 'अँटी टार्निश' ठळक छापलेलं असतं. निकेलबद्दल चकार शब्द नसतो.

कानातल्यांचा विषय इथं मुद्दामच काढला. निकेलची ॲलर्जी कोणी जन्मतः घेऊन येत नाही, ती लागते. निकेलचे आयन इतके लहान असतात की एकटे असताना शरीराच्या नजरेत भरत नाहीत. ते कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटले की प्रतिकारशक्ती त्या जोडीला परकं समजते आणि त्या ओळखीच्या टी-पेशी तयार करते. या पेशी वर्षानुवर्षं टिकतात. माणसाच्या बाबतीत निकेलला आणखी एक दार उघडं आहे. टीएलआर-४ नावाच्या, एरवी जंतूंची चाहूल घेणाऱ्या प्रथिनाला निकेल थेट जाऊन चिकटतं आणि जंतू आल्याचा खोटा इशारा देतं, असं २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं. उंदराच्या त्याच प्रथिनात चिकटायची ती जागा नाही, म्हणून उंदराला निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही.

ही पहिली ओळख पटकन आणि पक्की होते ती टोचलेल्या कानात. जखम ओली, त्यात धातू दिवसरात्र रुतलेला. आपल्याकडे बाळाचे कान सोनारानं सोन्याच्या तारेनं टोचायचे ही रीत होती आणि सराफ बाजारात आजही ती चालते. २२ कॅरेटच्या सोन्यात बाकी असतं ते बहुधा तांबं आणि चांदी, त्यामुळे या रीतीत निकेलला शिरायला वाव कमी. पुढे कॉलेजात दुसरं, तिसरं भोक पडतं ते मॉलमधल्या बंदुकीनं, आणि त्यात अडकवलं जातं ते पन्नास रुपयांचं कानातलं. त्यात गेली काही वर्षं जर्मन सिल्व्हरच्या दागिन्यांची लाट आहे. नऊवारीवर, खादीच्या कुर्त्यावर, गणपतीतल्या ढोलपथकात, सगळीकडे तेच. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण, आणि तो चंदेरी रंग निकेलचाच. दिसतं सुरेख, हे मीही मान्य करते. नियम आल्यानंतर ज्या डॅनिश मुलींनी कान टोचले त्यांच्यात निकेलची ॲलर्जी आधीच्या पिढीपेक्षा कमी आढळली, हे मात्र सराफ बाजाराच्या पायरीवर उभं राहून आठवण्यासारखं आहे.

म्हणजे घड्याळ किंवा फोन अनेकदा मूळ गुन्हेगार नसतो. कानातल्यानं दहा वर्षांपूर्वी पेरलेलं तो उगवून दाखवतो.

फोनवर संशय पहिल्यांदा आला तो एकाच गालावर पुरळ घेऊन येणाऱ्या रुग्णांमुळे. ज्या कानाला फोन लावायची सवय, त्याच बाजूच्या गालावर आणि कानाच्या पुढच्या भागावर चट्टे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी बाजारातले २२ हँडसेट तपासले, त्यातल्या १० मध्ये निकेल सापडलं, मुख्यतः बटणं, चकचकीत कडा आणि स्क्रीनभोवतीची चौकट इथं. काचेचे फोन आले, त्यावर कव्हरं आली, आणि फोनचा त्रास बराच उतरला. त्याची जागा मनगटानं घेतली. २०१३च्या अखेरीस फिटबिट कंपनीनं 'फोर्स' नावाचा मनगटी पट्टा बाजारात आणला आणि २०१४च्या सुरुवातीला तो परत बोलवावा लागला, अमेरिकेत सुमारे १० लाख नग. कातडीला त्रास झाल्याच्या सुमारे ९,९०० तक्रारी आणि फोड आल्याच्या सुमारे २५० तक्रारी होत्या. स्टीलमधलं निकेल, पट्ट्याचा माल किंवा जोडणीचा गोंद यांपैकी काहीतरी बाधलं असावं, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याच वर्षी 'पीडियाट्रिक्स' या मासिकात सॅन दिएगोच्या ११ वर्षांच्या मुलाची गोष्ट छापून आली. अंगभर पुरळ, नेहमीच्या औषधांना दाद नाही. शेवटी घरातला आयपॅड तपासला तर त्याच्या पाठीवर निकेल निघालं. आयपॅडला कव्हर घातलं, मुलगा सुधारला.

यंत्रांमध्ये निकेल येतं कुठून, हे समजायला नाशिककराला फार लांब जायला नको. अंबड आणि सातपूरच्या वसाहतींत स्विचगिअर आणि वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्या आधारानं प्लेटिंगची लहान युनिट्स उभी राहिली. शेडमध्ये शिरलं की गरम, ओलसर, घशाला लागणारी हवा. ओळीनं टाक्या, वर रॅकला टांगलेले तुकडे, आणि त्यात एक टाकी अशी की तिच्यातलं पाणी पाचूसारखं हिरवंगार. ती निकेलची. ऑलिव्हर वॉट्स या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं १९१६ मध्ये बसवलेला तिचा मसाला अजून तोच आहे: निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड. 'क्रोम'चा नळ किंवा बकल आपण म्हणतो त्यात खरी जाडी या निकेलच्या थराची असते, वरचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ आणि बारीक भेगाळलेलं. सोनेरी चार्जिंग पिनांचंही तसंच. तांब्यावर सरळ सोनं चढवलं तर तांबं हळूहळू त्यातून वर येतं, म्हणून मध्ये निकेलची भिंत घालतात, आणि सोनं झिजलं की तीच उघडी पडते. झाकणाला टपकन बसणारे इअरबडच्या डबीतले किंवा पट्ट्यातले निओडिमियमचे चुंबक गंजतात, म्हणून त्यांनाही निकेलचा मुलामा असतो. ॲल्युमिनियमच्या रंगीत कवचाची सूक्ष्म छिद्रं बुजवायला निकेल ॲसिटेट वापरायची पद्धत आहे.

आणि या हिरव्या टाकीवर काम करणाऱ्यांचे हात? निकेलची खाज वैद्यकात नोंदली गेली तीच मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, युरोपातल्या प्लेटिंग कामगारांच्या हातांवर. दागिने आणि घड्याळं त्यानंतर आली. मनगटावरच्या चट्ट्याबद्दल लेख निघतात, रबरी हातमोजे फाटके असल्याबद्दल निघत नाहीत, एवढंच इथं नोंदवते.

आता चट्ट्याकडे. घड्याळाखाली उठलेलं प्रत्येक पुरळ ॲलर्जीचं नसतं. खरं तर बरीचशी नसतातच. पट्टा घट्ट, त्याखाली घाम, भांडी घासताना शिरलेला साबण, जुलै-ऑगस्टात दिवसभर न वाळणारं मनगट: एवढ्यानं कातडी सोलवटते, लाल होते, चुरचुरते. हा नुसता दाह. तो जिथं पट्टा तिथंच राहतो आणि चार दिवस घड्याळ काढून ठेवलं की बसतो. ॲलर्जीचं वागणं वेगळं. धातू लागला आणि लगेच खाज सुटली असं होत नाही. मध्ये बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत वेळ जातो, म्हणून रविवारच्या लग्नात घातलेल्या पट्ट्याचा दोष मंगळवारच्या जेवणावर जातो. खाज चुरचुरण्यापेक्षा जास्त, बारीक पाण्याचे फोड, आणि चट्टा पट्ट्याची हद्द ओलांडून पसरतो. आणखी एक खूण म्हणजे जोडीदार चट्टे. जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ, चश्म्याच्या काडीखाली कानामागे, ब्राच्या हुकाखाली, खिशातल्या किल्ल्या-नाण्यांसमोर मांडीवर. मनगट आणि बेंबी दोन्हीकडे एकच खाज असेल तर निकेलवर संशय घ्यायला हरकत नाही. उलट पापण्या, मान, कोपराची लवण असं उघड्या अंगावर उठत असेल तर गाजर गवत आठवावं. पुण्याजवळ १९५०च्या दशकात हे गवत नजरेत भरलं आणि पुढे महाराष्ट्रातल्या त्वचारोगतज्ज्ञांना त्यानं जितकं काम दिलं तितकं कुठल्याही घड्याळानं दिलेलं नाही.

चट्टा गोल असला की मात्र घरातलं निदान ठरलेलं: गजकर्ण. मग मेडिकलमधून ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जबरदस्त स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडनं ॲलर्जीचा चट्टा दोन दिवसांत बसतो, गजकर्णाचाही वरवर बसतो, आणि दोन्ही घरांत 'ट्यूब भारी आहे' असा शेरा पडतो. पट्टा पुन्हा चढतो, चट्टा पुन्हा येतो, ट्यूब महिनोन्महिने चालते, कातडी कागदासारखी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. काउंटरवर काय घडतं ते वाचकाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी ठरलेल्या दिवसांसाठी दिलेलं स्टेरॉइड मलम हा या चट्ट्यावरचा योग्यच उपचार आहे. घोळ आहे तो दिवस न मोजता लावण्यात. आणि आपल्या सावळ्या कातडीवर चट्टा बरा झाल्यावरही काळा डाग काही महिने राहतो. तो आजार नव्हे, त्यावर ट्यूब चोळायची नाही.

कोणती वस्तू निकेल सोडते हे घरच्या टेबलावर पाहता येतं. डायमिथाइलग्लायऑक्झाइम असं जिभेला पीळ पाडणारं नाव असलेलं एक रसायन आहे. १९०५ मध्ये लेव चुगायेव या रशियन रसायनतज्ज्ञानं निकेल ओळखायला ते वापरलं. त्याच्या 'निकेल टेस्ट'च्या लहान बाटल्या ऑनलाइन मिळतात. कापसाच्या काडीवर दोन थेंब घ्यायचे, वस्तूवर अर्धा मिनिट घासायचं. बोळा पांढरा राहिला किंवा नुसता मळला तर ठीक. गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. ही परीक्षा साधारण युरोपीय मर्यादेच्या आसपासचं निकेल पकडते, त्याहून कमी तिच्या हाती लागेलच असं नाही. पहिल्यांदा हात बसावा म्हणून वीस रुपयांच्या नाण्यावर करून पाहावी. त्याच्या बाहेरच्या कड्यात २० टक्के निकेल आहे, आणि बोळ्यावर जी गुलाबी छटा उतरते ती एकदा पाहिली की विसरत नाही. मग जर्मन सिल्व्हरचे झुमके, पट्ट्याचं बकल, घड्याळाच्या पाठीवरच्या चार्जिंगच्या टिकल्या, हेडफोनची दांडी, लॅपटॉपची कड जिथं मनगट टेकतं. नाण्यावरून आठवलं: १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया आणि प्रजासत्ताकाचा १९५० चा पहिला रुपया हे निकेलचेच होते, आणि १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला, म्हणजे एसटीच्या कंडक्टरच्या बोटांना तेवढा तरी आराम. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. पोरांना घेऊन तिकडे गेलात तर धातू कसे बदलत गेले ते जरूर विचारा.

वस्तू दोषी ठरली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असं नव्हे. त्यासाठी पॅच टेस्ट. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ॲल्युमिनियमच्या लहान वाट्या चिकटपट्टीनं लावतात, प्रत्येकीत एकेक संशयित पदार्थ. निकेलच्या वाटीत व्हॅसलीनमध्ये कालवलेलं ५ टक्के निकेल सल्फेट असतं, म्हणजे अंबडच्या हिरव्या टाकीतलंच मीठ. शेजारी पोटॅशियम डायक्रोमेट (चामड्याचा पट्टा आणि सिमेंट यांचा प्रतिनिधी), कोबाल्ट, रबराची रसायनं, केसांच्या कलपातलं पीपीडी. पट्ट्या ४८ तास ठेवतात, काढतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण निकेल उशिरा बोलतं. मधल्या काळात पाठीवर पाणी नको, घाम नको. म्हणून एप्रिल-मेमध्ये करू नये. नाशिकची थंडी यासाठी उत्तम. रक्ताच्या 'ॲलर्जी प्रोफाइल'मध्ये हे दिसत नाही. ती तपासणी दुसऱ्याच जातीच्या ॲलर्जीची, आणि निकेलच्या खाजेसाठी तिच्यावर हजारो रुपये घालणं म्हणजे पाण्यात घालणं.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की निकेलच्या नावानं घर रिकामं करायचं नसतं. घड्याळ बंद करावंच लागतं असंही नाही. बकल बदलून कापडी, नुसता चिकटणारा पट्टा लावला की निम्म्या लोकांचं काम भागेल असा माझा अंदाज. घड्याळाची पाठ काच किंवा सिरॅमिकची असेल तर बरं. शुद्ध टायटॅनियम निर्धास्त. रात्री काढून ठेवायचं, पट्टा आणि मनगट साध्या पाण्यानं धुऊन दोन्ही कोरडं झाल्यावर चढवायचं, चट्टा असताना त्या हातावर चढवायचंच नाही. फोनला कव्हर. लॅपटॉपच्या कडेला कापड किंवा जाड स्टिकर. जीन्सच्या बटणाला आतून कापडाचा तुकडा शिवलेला बरा. रंगहीन नेलपॉलिशचा हातही चालतो, पण दर काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो आणि आपण विसरतो.

खाण्याबद्दल लोक फार घाबरवतात. डाळी, शेंगदाणे, काजू, तीळ, सोयाबीन, कोको यांत निकेल जास्त असतं हे खरं, आणि धातू न लागताही तळहातांवर पुन्हा पुन्हा फोड येणाऱ्या काही मोजक्या रुग्णांना डॉक्टर असं पथ्य काही आठवड्यांसाठी देऊन पाहतात. पण मनगटावरच्या चट्ट्यासाठी नाशिकच्या माणसाला मिसळ सोडायला सांगणं हा अत्याचार आहे.

पॅच टेस्टमध्ये निकेल निर्दोष सुटलं तरी चट्टा येत असेल, तर गोंदाकडे पाहायचं. यंत्रं चिकटवायला ॲक्रिलेट नावाच्या घराण्यातले गोंद लागतात. पूर्ण आळले की ते निरुपद्रवी, अर्धवट राहिले की तिखट. मधुमेहींच्या दंडावर चौदा दिवस राहणाऱ्या ग्लुकोज सेन्सरखाली पुरळ उठतं ते अनेकदा यांच्यामुळे. त्यातलं आयसोबॉर्निल ॲक्रिलेट २०१७च्या सुमारास पकडलं गेलं. आणि ही ओळखही आधी दुसरीकडेच झालेली असू शकते. कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये दिव्याखाली वाळवतात ते जेल नेलपॉलिश याच घराण्यातलं आहे, आणि नखाबाहेर कातडीला लागलं की तेही कानातल्यासारखंच काम करतं. सेन्सर सोसत नसेल तर डॉक्टरांना नखांबद्दलही सांगावं.

टेस्टचा कागद फाइलमध्ये जपून ठेवायचा. दात सरळ करायला लावतात त्या लवचीक तारेत निम्म्याहून अधिक वजन निकेलचं असतं. निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ती तोंडात त्रास देत नाही, तरी तार बसवण्याआधी तो कागद दाताच्या डॉक्टरांना दाखवावा. गुडघा बदलायची वेळ आली तर तोच कागद हाडांच्या डॉक्टरांनाही, तारीख ठरण्याआधी, कारण इम्प्लांटचा धातू निवडायला तेव्हा वेळ असतो.